बुधवारची लीग बंद करू नका: आमच्या क्लबच्या कमिटीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सेक्रेटरी आणि कमिटीतले सगळे मेंबर,
(तालुक्यातल्या बाकी क्लबांच्या कारभाऱ्यांनी पण वाचलं तर बरंच)

नमस्कार.

परवा ग्रुपवर तुमचं पत्रक आलं. यंदापासून रिझर्व्ह (म्हणजे दुसरी) टीम आणि सतरा वर्षांखालच्यांची बुधवारची फुटबॉल लीग बंद, त्याऐवजी जानेवारीत दोन रात्रींची सेव्हन-अ-साइड (सात-सात जणांची) स्पर्धा, प्रकाशझोतात, रोख बक्षीस, भव्य चषक, मॅन ऑफ द सिरीजला सायकल की काहीतरी. खाली अंगठ्यांची रांग लागली. मी अंगठा दिला नाही तर एकाने पर्सनलवर विचारलं पण, काय रे रागावलास काय. रागावलो नाही, पण ग्रुपवर लिहिलं असतं तर दहा मिनिटांत वर कोणाचा तरी वाढदिवस आला असता आणि विषय वाहून गेला असता, म्हणून असं उघड लिहितोय, बाहेरच्यांनी पण वाचावं.

तुम्ही मला ओळखता. बुधवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून फक्की मारायला येतो तो मीच. पूर्वी रिझर्व्हला लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा डिफेंडर, खेळायचो, सीनियरमध्ये फारसा कधी आलो नाही, त्याचं आता काही वाटत नाही. पण त्या बुधवारांत काय होतं आणि काय होत नाही हे मला तुमच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा जास्त माहीत आहे, कारण तुम्ही येत नाही. हे टोमणा म्हणून नाही, कामं असतात, कळतं.

माझं म्हणणं एवढंच की रिझर्व्ह आणि युथची मॅच पोरांना मोठ्या मैदानावर, अकरा विरुद्ध अकरा, नियमित खेळायला मिळावी म्हणून असते. ती जिंकायला नसते, गर्दी जमवायला नसते आणि बॅनर लावायला तर नसतेच.

पत्रकात पहिलं कारण दिलंय की मिडवीक मॅचला माणूस येत नाही. खरं आहे. बांधावर दोन आजोबा, एक रिटायर मास्तर, रस्त्याने जाणारा एखादा स्कूटरवाला थांबतो आणि "स्कोर काय" विचारून निघतो. पण रिझर्व्हच्या मॅचला माणूस जगात कुठे येतो सांगा बघू. इंग्लंडमध्ये रिझर्व्ह टीमांची सेंट्रल लीग 1911 साली सुरू झाली, मोठमोठ्या क्लबांच्या दुसऱ्या टीमा त्यात वर्षानुवर्षं खेळल्या, पहिल्या टीमच्या मानाने स्टँड रिकामेच असायचे, तरी कोणी म्हटलं नाही की बंद करा आणि डीजे लावा. 1999 ला प्रीमियर लीगवाल्यांनी, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगने, स्वतःची रिझर्व्ह लीग काढली, 2012 ला ती मोडून वयोगटाची केली, 2016 ला प्रीमियर लीग टू आणली. नावं बदलली, वयाचे नियम बदलले, पण दुसऱ्या टीमला नेमाने मॅच पाहिजे हे काही त्यांनी सोडलं नाही. आणि मॅच मधल्या वारी ठेवायचं कारण पण साधंच, शनिवार-रविवार पहिली टीम खेळणार, मग बेंचवर बसलेल्याला, दुखण्यातून उठलेल्याला आणि खालून वर येणाऱ्याला लगेच दोन-तीन दिवसांत मॅच मिळावी, मैदान आणि रेफ्री पण तेव्हा मोकळे असतात.

इंग्लंड राहू दे लांब. पत्रादेवीचा नाका ओलांडला की पलीकडे गोव्यात काय चाललंय ते बघा. एफसी गोवाची दुसरी टीम गोवा प्रो लीगमध्ये खेळते, समोर कोण, तर धेंपो, साळगावकर, म्हणजे एकेकाळी देशात दबदबा असलेले क्लब, धेंपो तर पाच वेळा नॅशनल चॅम्पियन. 2018-19 ला या पोरांच्या टीमने ती लीगच जिंकली. सेव्हियर गामा, प्रिन्स्टन रिबेलो तिथूनच वर येऊन आयएसएलमध्ये, म्हणजे देशातल्या मोठ्या इंडियन सुपर लीगमध्ये, खेळले. 2022 ला रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग पहिल्यांदा झाली ती पण गोव्यातच, बेंगळुरू एफसीने जिंकली, आणि मग त्यांच्या आणि केरळा ब्लास्टर्सच्या पोरांना इंग्लंडला जाऊन तिथल्या क्लबांच्या युथ टीमांशी खेळायला मिळालं. आपलं पोरगं तिथे पोचेल असं मी म्हणत नाही, तेवढं भान आहे मला. पण आपल्या पोराला बाइकवरून तासाभरात तिथल्या ट्रायलला जाता येतं, आणि तिथे उभा केल्यावर त्याला ऑफसाइडची लाइन धरता आली नाही तर कोच पाचव्या मिनिटाला बाहेर काढतो. गोव्याच्या पोरांत काही वेगळं रक्त नाही, त्यांच्याकडे मॅची जास्त होतात, बस.

आता सेव्हन-अ-साइड. वाईट नाही, मजा येते, मी पण खेळतो. पण त्यात राहतं काय ते बघा. अर्धं मैदान, छोटे पोस्ट, ऑफसाइड नाही, दहा-दहा मिनिटांचे हाफ, थ्रोच्या जागी किक-इन. आपला सतराखालचा गोली, तुळस गावाकडचा तो पोरगा (नाव लिहीत नाही, लाजेल), असल्याच गावच्या स्पर्धांमधून आलेला. हात भारी, रिफ्लेक्स भारी. पहिल्या बुधवारी खरा पोस्ट बघितला, 7.32 मीटर रुंद आणि 2.44 उंच, तर मॅचच्या आधी या खांबापासून त्या खांबापर्यंत पावलं टाकून मोजत होता. पहिल्या कॉर्नरला लाइनवर खिळून राहिला, बॉल सहा यार्डात पडला, गोल. दुसऱ्याला बाहेर आला तर आपल्याच मधल्या डिफेंडरला धडकला, परत गोल. बांधावरून आबा ओरडले, "मेल्या, येतलंस तर ये, नायतर थंयच रव!" आता आबांनी कुठे कोचिंगच्या लायसन्सचा कोर्स केलाय, पण गोलीला कोच पण हेच सांगतात, निघालास तर बॉलपर्यंत जा. मग काही बुधवार असेच गेले, चुका झाल्या, शिव्या बसल्या. शिरोड्याच्या पोरांबरोबरच्या मॅचला समुद्राच्या वाऱ्यावर आत वळणारा कॉर्नर आला आणि हा गडी "कीपर!" म्हणून एवढ्याने बोंबलत गर्दीतून आला की आपलेच दोघे डिफेंडर खाली वाकले, आणि त्याने दोन्ही मुठींनी बॉल लांब उडवला. स्कोरशीटवर याची काही नोंद नाही, मीच लिहितो ना स्कोरशीट, तिथे फक्त 1-1 आहे. पण अर्ध्या मैदानावर त्याला हे कधीच आलं नसतं कारण तिथे तसा बॉल येतच नाही. तीच गोष्ट फुलबॅकची, म्हणजे बाजूच्या डिफेंडरची, साठ-सत्तर मीटर वर जाऊन परत खाली यायचं आणि ते पण सत्तराव्या मिनिटाला, हे दहा मिनिटांच्या हाफमध्ये कसं शिकणार तो.

आणि मैदानाचं पण बोलून टाकतो. मधोमध क्रिकेटची सिमेंटची पिच आहे, बॉल तिच्यावर टप्पा खाल्ला की कुठे जाईल ते ब्रह्मदेवाला माहीत, बाकी सगळीकडे जांभ्याचे खडे, स्लाइड मारली की मांडी सोलून निघते. सेगाचे नवे बूट चार महिन्यांत तळाला गुळगुळीत. तरी पोरं येतात. पिचवर जुनं मॅटिंग टाका आणि दोन्ही गोलसमोरचे खडे एकदा वेचून घ्या, यापलीकडे या वर्षी काही मागत नाही.

आता पत्रकात नसलेली गोष्ट लिहितो, ती टोचेल, पण लिहितो. मागच्या सीझनला आपली रिझर्व्ह टीम टेबलात खाली सरकली तसं तुमच्यापैकी कोणाच्या तरी डोक्यात आलं की सीनियरमधून चार-पाच जण खाली पाठवू, इज्जतीचा प्रश्न आहे. त्या बुधवारी दोडामार्गकडचा एक पोरगा दुपारच्या एसटीने येऊन वॉर्मअप करून तयार, राइट विंग, नाव टीम शीटवर, मी स्वतः लिहिलेलं. साडेचारला दहा मिनिटं असताना आपले एक सीनियर बाइकवरून आले, हेल्मेट बेंचवर ठेवलं आणि त्याला म्हणाले, "आज मी खेळतंय हां, जर्सी दी." दिली बिचाऱ्याने. काढताना कॉलर डोक्यात अडकली तर बाकीचे हसले. अख्खी मॅच बनियनवर बिब घालून बसला, आपण 4-0 जिंकलो, ग्रुपवर फोटो आला, त्या फोटोत तो नाही. पुढच्या बुधवारी आला नाही, त्याच्या पुढच्याला पण नाही. आता म्हणताय की पोरं कमी येतात, वॉकओव्हर द्यावे लागतात, म्हणून लीग बंद. अहो, पोरं कमी का येतात याचं उत्तर त्या फोटोतच आहे ना.

2016 ला प्रीमियर लीग टू सुरू झाली तेव्हा तेवीस वर्षांखालच्यांची होती आणि एका मॅचला वयाने मोठे असे तीनच खेळाडू चालायचे, शिवाय एक गोलकीपर. एवढे पैसेवाले क्लब, तरी मर्यादा घातली, कारण मोठ्यांना सोडलं की ते सगळी जागा खातात. आपण दोन ठेवू. दुखण्यातून उठलेला सीनियर अर्धी मॅच खेळला तर चांगलंच आहे, पोरांना त्याच्या शेजारी खेळायला मिळतं, तो मागून ओरडून सांगतो तेवढं कोच महिनाभरात सांगत नाही. पण नाव आदल्या दिवशी द्यायचं, बाइकवरून येऊन जर्सी मागायची नाही.

रात्रीच्या स्पर्धांचं सगळ्यांना माहीतच आहे. रोख बक्षीस लावलं की टीमवाले बाहेरून खेळाडू आणणार, गोव्यातून, कोल्हापुरातून, बेळगावातून, मानधन देऊन. यात कोणाचा दोष नाही, पैसे लावलेत तर जिंकायला माणूस आणणारच. मग आपला सोळा वर्षांचा पोरगा करणार काय, तर लाइटच्या खाली उभं राहून पाण्याच्या बाटल्या भरणार. आणि फायनल संपणार रात्री दोनला. त्या वेळी एसटी आहे? तुळस, मठ, आरवली, कुठे कुठे जाणार ही पोरं, बाइकवर ट्रिपल सीट. बुधवारची मॅच संध्याकाळीच संपते, वस्तीची गाडी मिळते, आई घरी ओरडत नाही.

मुलींचं तर तुम्ही विसरलातच. पंधराखालच्या मुलींना युथच्या मॅचमध्ये मुलांसोबत खेळू द्यायचं ठरवलंत, ही गोष्ट या कमिटीने झकास केली होती, मी तेव्हा पण बोललो होतो. 2022 ला मुलींचा अंडर सेव्हनटीन वर्ल्ड कप आपल्या देशात झाला, काही मॅची गोव्यात, फायनल नवी मुंबईत, स्पेनने कोलंबियाला 1-0 हरवलं, त्यानंतर आपल्याकडे दोन-चार मुली यायला लागल्या. त्यातल्या एकीच्या आईला मी दुकानात विचारलं रात्रीच्या स्पर्धेचं. ती म्हणाली, "रातीचा तिका मी धाडूचंय नाय." विषय संपला. म्हणजे एका पत्रकात तुम्ही त्यांना बाहेर काढलंत, आणि मला खात्री आहे की कोणाच्या लक्षात पण आलं नसेल.

त्याच्या आधी 2017 ला मुलांचा अंडर सेव्हनटीन वर्ल्ड कप आपल्या देशात झाला तेव्हा 15 सप्टेंबरला राज्य सरकारने मिशन वन मिलियन केलं होतं आठवतं? शाळाशाळांत फुटबॉल वाटले, सगळ्यांनी बॉलला लाथ मारतानाचे फोटो काढले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या वर्ल्ड कपच्या टीममध्ये होता. तेव्हा दुसरी-तिसरीत असलेली पोरं आता नेमकी या वयाला आलीत. सरकारने बॉल दिला, पुढचं आपण बघायचं होतं.

खर्चाचं म्हणाल तर हिशोब मांडा एकदा, मी बसतो सोबत. बुधवारला लागतं काय, रेफ्री आणि दोन लाइन्समनचं मानधन, फक्की, पाण्याचे जार, बाहेर जायचं असेल तर एक टेम्पो. रात्रीच्या स्पर्धेला लागतं जनरेटर, हॅलोजन, साउंड, स्टेज, कॉमेंटेटर, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, चहा, वडापाव, आणि वर बक्षीस. स्पॉन्सर मिळतो म्हणता, तर मग त्याच स्पॉन्सरांना बुधवार विका की. काजू कारखानेवाले आहेत, बागायतदार आहेत, गॅरेजवाले, हॉटेलवाले आहेत, एकेका बुधवारचा खर्च एकेकाने घ्यायचा, त्या दिवशी त्यांचा बोर्ड गोलच्या मागे. माझ्या दुकानाचा पहिला बुधवार, लिहून ठेवा.

बुधवारच का असं पण एकाने विचारलं होतं. तर बघा, ऑक्टोबरात कापणी, नोव्हेंबरपासून जत्रा सुरू (आणि आपल्या टीममधले दोघे दशावतारात असतात, रात्रभर नाटक करून रविवारी सकाळी त्यांच्याकडून काय खेळणार), मग लग्नं, मग शिमगा. रविवारी क्रिकेटवाले मैदान सोडत नाहीत, शिवाय रविवारी सकाळी आपली ख्रिश्चन पोरं मिसेला जातात, शुक्रवारी दुपारी मुसलमान पोरांचा नमाज. मंगळवारी सावंतवाडीचा बाजार. बुधवारी कुडाळचा बाजार असतो म्हणून फक्त कुडाळवाले कुरकुरतात, त्यांच्या मॅची गुरुवारी टाकू. बुधवारची एकच अडचण म्हणजे घराघरात मासे, पोरं बांगड्याचं तिखलं आणि भात चेपून येतात आणि पहिली वीस मिनिटं हलत नाहीत. ते कोच बघेल.

उजेडाची अडचण मात्र खरी आहे, ती मान्य. नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य जातो. पण फुटबॉलच्या नियमांतच युथच्या मॅचसाठी वेळ कमी करायची आणि बाहेर काढलेला खेळाडू परत आत घ्यायची मुभा आहे, आपण ती कधी वापरलीच नाही. सतराखालच्यांना पस्तीस-पस्तीस मिनिटांचे हाफ ठेवा, मध्ये दहा मिनिटं, साडेचारला शिट्टी वाजली तर पाच पन्नासला संपते. रिझर्व्हला चाळीस-चाळीस करा, बरोबर सहाला मोकळे. एक बुधवार युथ, एक बुधवार रिझर्व्ह. युथला बदली खेळाडू आत-बाहेर चालू द्या आणि टीम शीटवर नाव असलेल्या प्रत्येकाला निदान एक हाफ खेळवायचाच हा नियम घाला, मग कोणी दोडामार्गहून येऊन बनियनवर परत जाणार नाही. शाळेतून लवकर सोडण्यासाठी मुख्याध्यापकांना क्लबच्या लेटरहेडवर एक पत्र लागतं, मागच्या वर्षी ते मागून मागून मी थकलो, यंदा सेक्रेटरींनी ऑगस्टमध्येच टाइप करून ठेवावं. आणि मॅच पुढे ढकलायची असेल तर आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत कळवा. दुपारी तीनला मेसेज टाकता तेव्हा अर्धी पोरं एसटीत बसलेली असतात.

रात्रीची स्पर्धा घ्यायची तर घ्या, मी आडवा येत नाही, लाइट लावायला पण येईन. पण ती लीगच्या जागी नको.

रविवारी मीटिंग आहे असं कळलं. हे पत्र त्यात वाचून दाखवा, आणि जो काय निर्णय होईल तो नोंदणीची तारीख जायच्या आत बोर्डावर लावा, म्हणजे ज्या पोरांना गोव्यात ट्रायल द्यायचीय त्यांना तसं ठरवता येईल. मी मीटिंगला येतोय. गेल्या सीझनच्या फक्कीचे पैसे राहिलेत, ते पण तेव्हाच बघू.

आपला,
रिझर्व्हचा जुना लेफ्ट बॅक